घरचे आरोग्य : सुई, श्वास आणि मनाचा भार



रेल्वेने बेलापूर स्टेशनवर उतरले की लागते ते श्रीरामपूर. खरे बेलापूर तिथून काही किलोमीटर पुढे, प्रवरेच्या काठावर आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी मी तिथल्या विहारात होते. वंदना आटोपली, पुरुष मंडळी बाहेर पारावर गेली आणि बायका भिंतीला टेकून बसल्या. अशा वेळी जे बोलणे निघते ते दुखण्याखुपण्याचेच असते. कुणाचे गुडघे, कुणाचा थायरॉईड. त्यात पन्नाशीच्या एका आक्कांनी पदर मागे सारून आपला कान दाखवला. कानाच्या पाळीवर आणि वरच्या खळग्यात चिकटपट्टीने मेथीचे दाणे चिकटवलेले होते.

"हे काय हो आक्का?"

"चिनी उपचार, ताई. झोपेचा."

मग सगळी हकीगत कळली. गावात तीन दिवसांचे एक शिबिर झाले होते. नाडी बघायची, हाताचे-कानाचे बिंदू दाबायचे, दाणे चिकटवायचे. शिवाय अठराशे रुपयांची चुंबकाची चटई घ्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या, कारण "गोळ्यांनी शरीराची ऊर्जा अडते". आक्कांनी गोळ्या सोडल्या. विसाव्या दिवशी शेतात खुरपताना त्यांना चक्कर आली. सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा दाब १९० आणि ११० होता. वेळीच नेले म्हणून निभावले. एवढा दाब तसाच राहिला असता तर लकवा मारायला वेळ लागत नाही.

एवढे ऐकून मी नेहमीचे भाषण सुरू करणार होते. पण आक्कांनी मला मध्येच थांबवले. म्हणाल्या, "ताई, गोळ्या सोडल्या म्हून बीपी वाढलं, हे खरं. पन त्या वीस दिवसात मला झोप लागली, हेबी खरंच हाये. दोन वर्सांत लागली नव्हती."

या वाक्याने मला अडवले. शिबिरवाला लबाड होता हे सांगणे सोपे आहे. पण आक्का खोटे बोलत नव्हत्या. मग झोप कशाने लागली? आजच्या सदराचा विषय हा प्रश्नच आहे.

आधी या चिनी वैद्यकाचे म्हणणे काय ते पाहू. 'ह्वांगदी नेइजिंग' हा त्यांचा मूळ ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांचा जुना आहे. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठराविक वाटांनी वाहते, ती कुठे तुंबली की आजार होतो, आणि त्या वाटांवरच्या ठराविक जागी सुई टोचली किंवा दाब दिला की ती मोकळी होते, असा तो विचार. सुई टोचली तर अॅक्युपंक्चर, नुसते दाबले तर अॅक्युप्रेशर. मनाचे आणि अवयवांचे नातेही त्यांनी जोडून दिले आहे. राग यकृताचा, अतिविचार प्लीहेचा, शोक फुप्फुसांचा, भीती मूत्रपिंडांची. अतिआनंदसुद्धा हृदयाला सोसत नाही म्हणतात. आपल्या बायाबापड्यांच्या वाट्याला त्या दुखण्याची भीती कमीच!

या वाटा शरीर फाडून पाहिले तर दिसत नाहीत. शिरा दिसतात, मज्जातंतू दिसतात, 'ची' दिसत नाही. पण म्हणून त्या जुन्या वैद्यांचे निरीक्षण टाकाऊ ठरत नाही. आपली भाषाच बघा ना. रागाने पित्त खवळते, काळजीने अन्न गोड लागत नाही, भीतीने पोटात गोळा येतो, मुलगा गेल्याचा धसका घेऊन माणूस खंगतो. आपल्याकडची बाई दवाखान्यात जाऊन "मला मानसिक ताण आहे" असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, डोकं भणभणतंय, छातीत धडधडतंय, हातापायाला मुंग्या येतात, अंग मोडून येतं. डॉक्टर ताकदीची बाटली लिहून देतात आणि ती घरी येते. मनाचा भार अंगातून बोलतो हे चिनी वैद्यांनी ओळखले होते आणि आपल्या आज्यांनीही. तेवढ्यापुरते दोघांचेही बरोबरच आहे.

ही सुई भारतात आली तिच्या वाटेवर आपला एक मराठी माणूसही उभा आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे विजय कुमार बसू होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. सुईची विद्या आणली ती बसूंनी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्याला त्यांनी ते सुरू केले. आता तर महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि उपचार करणाऱ्यांची नोंदणी करणारी परिषदही आहे. म्हणून असा उपचार घ्यायचाच असेल तर आधी नोंदणी विचारावी, आणि सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेली असावी. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ-ब आणि एचआयव्हीचा धोका असतो. जाता जाता हेही सांगते की आक्कांच्या कानावरचे ते मेथीचे दाणे बरेच जण 'सुजोक' पद्धतीत वापरतात, आणि सुजोक ही चिनी नव्हे, कोरियातली, तीही गेल्या शतकातली पद्धत आहे. शिबिरवाल्याला तेवढेही ठाऊक नसावे!

आता मी तुम्हाला दूर अमेरिकेत नेते. कारण मनाचा भार आणि ही सुई यांची जी गोष्ट आपल्या माणसांना सगळ्यात जवळची वाटावी ती तिथे घडली.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात लिंकन हॉस्पिटल नावाचा सरकारी दवाखाना आहे. १९७० च्या सुमारास त्याच्या आजूबाजूला काळ्या आणि पोर्तो रिकोहून आलेल्या गरिबांची वस्ती होती. इमारत मोडकळीला आलेली, आणि तरुण पोरे हेरॉईनच्या नशेत बुडालेली. जुलै १९७० मध्ये 'यंग लॉर्ड्स' या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने तो दवाखाना काही तास ताब्यात घेतला आणि आमच्या माणसांना माणसासारखे वागवा अशी मागणी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे व्यसनमुक्तीचे केंद्र उभे राहिले. ते चालवण्यात ब्लॅक पँथरचे कार्यकर्तेही होते. होय, तेच ब्लॅक पँथर, ज्यांचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली.

तिथे नशा सोडवायला मेथाडोन नावाचे औषध देत. कार्यकर्त्यांना वाटे की ही एक नशा काढून दुसरी लावणे झाले. त्याच सुमारास हाँगकाँगहून बातमी आली. तिथले एक डॉक्टर शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी व्हावी म्हणून सुया वापरत होते. त्यांना आढळले की अफूच्या आहारी गेलेल्या रोग्यांची तलफेची तडफडही सुईने कमी होते. लिंकनच्या मंडळींनी ही विद्या शिकून घेतली. कानात बारीक सुया टोचायच्या आणि सगळ्यांनी गोलाकार खुर्च्यांवर अर्धा-पाऊण तास शांत बसायचे. कुणी कुणाला प्रश्न विचारायचा नाही, कुणाकडून कबुली घ्यायची नाही. आणि त्याच जागी दुसरे वर्गही चालत. आपल्याच वस्तीत हे विष एवढे स्वस्त का मिळते, नोकऱ्या कुठे गेल्या, घरमालक उंदीर का मारत नाही, यावर चर्चा होई. १९७८ साली सरकारने पोलीस आणून त्या कार्यकर्त्यांना बाहेर काढले. सुई राहिली, वर्ग गेले. पुढे कानातल्या पाच बिंदूंची ती रीत १९८५ साली स्थापन झालेल्या एका संस्थेमार्फत जगभर पसरली.

तिचा गुण किती, हेही लपवू नये. कोकेनच्या व्यसनावर या कानाच्या सुयांची ६२० जणांवर मोठी चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या बिंदूवर सुई, भलत्याच जागी सुई आणि नुसता विश्राम देणाऱ्या चित्रफिती, या तिन्हींत फारसा फरक आढळला नाही. चिंता आणि निद्रानाश यांच्याबाबतही थोडेफार तसेच. काही अभ्यास गुण येतो म्हणतात, पण ते बहुधा लहान आहेत, आणि भलत्या जागी टोचलेल्या सुईनेही पुष्कळांना आराम पडतो.

मग आराम देते काय? मला तर वाटते, त्या खुर्च्याच देत असाव्यात. रस्त्यावर हाकलले जाणारे पोरगे अर्धा तास कुणी न हाकलता बसते, शेजारी तसेच दुसरे बसलेले असते, कुणीतरी हळुवार हाताने कानाला स्पर्श करते. आता आक्कांकडे परत या. त्या शिबिरवाल्याने अर्धा तास त्यांचा हात हातात घेऊन नाडी पाहिली आणि झोप का लागत नाही ते विचारले. दोन वर्षांत कुणी विचारले नव्हते. आणि महागाची चटई घेतली म्हणून घरच्यांनी त्यांना दुपारी पाऊण तास तिच्यावर पडू दिले. एरवी भरदिवसा बाई आडवी झाली तर सासू काय म्हणेल! अठराशे रुपयांत आक्कांनी खरे तर दुपारची विश्रांती विकत घेतली होती.

आणि ती मिळण्यासाठी गोळ्या सोडण्याची काहीच गरज नव्हती.

संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. अंगात बाण रुतला की वेदना होते, ती कुणालाच चुकत नाही. पण अज्ञ माणूस त्यावर शोक करतो, छाती पिटतो, आणि मनात दुसरा बाण रुतवून घेतो. बिंदू दाबणे, श्वास सावकाश करणे, थोडे शांत बसणे, हे सगळे त्या दुसऱ्या बाणावरचे उपाय आहेत. त्यापुरते ते खुशाल करावे. घरी फुकट करता येते, म्हणून सांगते.

हाताचा तळवा वर करा. मनगटाच्या रेषेपासून कोपराकडे आपलीच तीन बोटे आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाशी, मधोमध, दोन ताठ दोऱ्यांसारखे जे लागते त्यांच्यामधली जागा म्हणजे 'नेइग्वान'. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एक-दोन मिनिटे दाबा. दुखेल इतके नको. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या जागेचा उपयोग बराच तपासला गेला आहे, आणि छातीतल्या धडधडीवर चिनी लोक ती पूर्वीपासून वापरतात. दोन भुवयांच्या मधली जागाही तशीच, डोके भणभणले की आपण नकळत तिथेच हात नेतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातली जागा मात्र गरोदर बायकांनी दाबू नये असे त्यांचे शास्त्रच सांगते.

दाबताना श्वासाकडे लक्ष ठेवा. आत घेताना मनात तीन मोजले तर सोडताना पाच-सहा मोजा. सावकाश श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. यात जादू नाही, मेंदूपासून हृदयापर्यंत आलेल्या मज्जातंतूचे ते काम आहे. आपल्याला तर हे नवे नाहीच. आनापानसती म्हणजे श्वासाची जाणीव, ती बुद्धांनी शिकवली. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात, त्यांची फी नसते, आणि त्यांतले पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासच असतो. मात्र ज्यांना मानसिक आजाराची औषधे चालू आहेत त्यांनी अर्जात तसे आधी कळवावे, लपवून जाऊ नये.

आणि ज्यांना दहा दिवस काय, दहा मिनिटे मिळत नाहीत त्यांच्यासाठी आपली वंदना आहे. विहारात सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणताना श्वास आपोआप लांबतो. २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इटलीतल्या काही माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणायला लावला होता. दोन्ही म्हणताना श्वासांचा वेग मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. धर्म वेगळे, शब्द वेगळे, परिणाम एकच. म्हणजे ताकद शब्दाच्या दैवी सामर्थ्यात नसून लांब सुटलेल्या श्वासात आहे. देव नाकारून धम्म स्वीकारणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून बरे वाटायला हरकत नाही. लग्नाघरी भीमगीते गाताना बायकांचा शीण का जातो, तेही यावरून थोडे कळते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही मात्र मोठी चूक आहे. धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेरही नैसर्गिकच आहे, आणि त्यांचे काय होते ते गावात कुणाला सांगायला नको. बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधीत एका मुळीऐवजी दुसरीच विषारी मुळी आली आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडे कायमची बिघडली. १९९३ साली ते उजेडात आले. उलट बाजूही सांगायला हवी. जुन्या चिनी ग्रंथातला हिवतापाचा एक पाला तू यूयू या शास्त्रज्ञ बाईंनी घेतला, १९७१-७२ मध्ये त्यातले औषध वेगळे काढले, आधी जनावरांवर, मग स्वतःवर तपासले. आज सरकारी दवाखान्यात जहाल मलेरियावर जी गोळी मिळते तिच्यात तेच आहे. २०१५ साली बाईंना नोबेल मिळाले. जुने आहे म्हणून त्यांनी ते मानले नाही आणि जुने आहे म्हणून फेकलेही नाही. कालामांना बुद्धांनी हेच सांगितले होते. जो उपचारक तपासू देत नाही, डॉक्टरची गोळी आधी सोड म्हणतो आणि शेवटी पिशवीतून विकायची वस्तू काढतो, तो चिनी असो की गावचा देवऋषी, त्याला दारातूनच जयभीम करावा.

आता पहिल्या बाणाविषयी. त्यावर अंगठा दाबून भागत नाही.

आक्कांची झोप दोन वर्षांपूर्वी कशाने उडाली? गटातून घेतलेले कर्ज. हप्ता आठवड्याचा, वसुलीचा दिवस गुरुवार. बुधवारी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कारण एकीचा हप्ता चुकला की दहा जणींना भरावा लागतो. वसुलीवाला रात्री आठला येऊन दारात बसतो आणि शेजारपाजारी ऐकू जाईल असे बोलतो. घरच्या धन्याने त्या काळजीवर दारूचा उपाय शोधला आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी ती एक प्रतिज्ञा त्यांनाही पाठ आहे, पण ते असो. आक्कांना कुणी सांगितले नव्हते की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, आणि घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असे कर्ज मुळात द्यायचेच नसते. हा नियम त्या कानातल्या दाण्याइतकाच झोपेचे औषध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. १९३९ च्या डिसेंबरात बाबासाहेब तिथे वतनदार महार-मांगांच्या परिषदेला आले होते. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या नुसत्या संशयावरून आपल्या पोरांना झाडाला उलटे टांगून मारले. त्या पोरांच्या आयांना रात्री दचकून जाग येत असेल तर त्यांना कुणी 'मन शांत ठेवा' म्हणून सांगू नये. तिथे कोर्टातला खटला नीट चालणे आणि समाज पाठीशी उभा राहणे हाच उपचार. बाबासाहेबांनी दुःखाचा विचार माणूस माणसावर लादतो त्या दुःखापर्यंत आणून भिडवला, आणि लिंकनच्या त्या कार्यकर्त्यांनी सुईशेजारी वर्ग भरवला, तो याच कारणाने.

एक गोष्ट राहिली. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात जीव रमत नाही, आपण नसतो तर बरे झाले असते असे विचार येतात, असे असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. घरून बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस'चा नंबर आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. डोक्याचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, असे म्हणून घरच्यांनी कुणाला अडवू नये.

परवा आक्कांचा निरोप आला. गोळी रोज सकाळी घेतात, दाब आता १४० आणि ९० च्या आसपास असतो. गटातल्या सात जणी मिळून कंपनीच्या शाखेत गेल्या, हिशेबाचा कागद मागितला, आणि वसुलीवाला आता उजेडीच येतो. बुधवारी रात्री अजून झोप उडतेच, तेव्हा मनगट दाबत, श्वास मोजत पडून राहतात. दुपारची पाऊण तासाची विश्रांती त्यांनी सुटू दिलेली नाही, साध्या गोधडीवर पडतात. चुंबकाची ती चटई उंदरांपासून राखायला गव्हाच्या पोत्यांखाली घातली आहे. तिथे तिचा गुण येतो की नाही, ते पुढच्या खेपेला विचारीन.